पिल्लाला दाणे चालत नाहीत

आमच्या सोसायटीत दर वर्षी २० मार्चला चिमणी दिवस होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० साली सुरू झालेला हा दिवस गावोगाव पोचला, तसा आमच्याकडेही पोचला. मुलं लाकडी घरटी रंगवतात, कुणी बाजरी आणतं, कुणी पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं. गेल्या काही वर्षांत आम्ही वीसेक घरटी टांगली. त्यातल्या दोनांत चिमण्या राहिल्या, एकात गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलं आणि बाकीची उन्हापावसात फुगून फुटली. बाजरी मात्र रोज संपते. ती कबुतरं खातात.

यातली गोम मला फार उशिरा कळली. चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू दाण्यांवर जगत नाही. पहिले काही दिवस त्याला अळ्या, मावा, बारीक टोळ, कोळी असलं मऊ खाणं लागतं आणि आईबाप दिवसभर तेच चोचीतून वाहून आणतात. मैनेचं तसंच, बुलबुलाचंही तसंच. फुलातला मध पिणारा एवढासा शिंजीर, तोसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. कबुतराची गोष्ट वेगळी. त्याच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि तोच ते पिल्लांना पाजतं. म्हणजे नुसते दाणे खाऊन पोरं वाढवायची सोय कबुतराला आहे, चिमणीला नाही. आपण मूठभर बाजरी टाकतो तेव्हा पोसली जातात कबुतरं. चिमणीच्या पिल्लाला हवी असलेली अळी आपण त्याच आवारात, पैसे मोजून, आधीच मारलेली असते.

पैसे मोजून, हे मी उगाच म्हणत नाही. चार वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी होते. बागेतल्या फवारणीच्या बिलांवर माझ्या सह्या आहेत. दर तीन महिन्यांनी एक माणूस पाठीवर पंप अडकवून यायचा, जास्वंदीपासून कुंपणाच्या मेंदीपर्यंत सगळं न्हाऊ घालायचा आणि मी त्याला चहा द्यायचे. त्याच काळात नातवाला घेऊन तिकीट काढून फुलपाखरांची बाग बघायलाही गेले होते. घरी कुंडीतल्या लिंबावरच्या अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, आणि फुलपाखरू बघायला तिकीट काढायचं!

म्हणून हे आवाहन, आणि त्यात पहिला नंबर माझा आहे. वाचणाऱ्याला मी झाडं लावा, देणगी द्या, मोर्चा काढा असं काही सांगणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. माझं मागणं त्याहून आळशी आहे. आपण घराभोवती ज्या चार गोष्टी नित्यनेमाने करतो, त्या थोड्या कमी करा.

आपल्याकडे नागपंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही, तव्यावर काही भाजायचं नाही. शेतकरी त्या दिवशी नांगर धरत नाही. माझी आई विळी भिंतीला उलटी टेकवून ठेवायची आणि पुरणाची दिंडं उकडायची. जमिनीखाली कुणीतरी राहतं, त्याला एक दिवस तरी आपल्या हातून इजा होऊ नये, एवढा साधा त्यातला विचार. देवराईत तर तो बारा महिने पाळायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक असल्याचं त्यांना आढळलं. पडलेलं झाड पडल्या जागी कुजायचं. आता कुजकं लाकूड म्हणजे घाण असं आपल्याला वाटतं, पण काही भुंगेरे आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात त्या लाकडातच काढतात. काळा जाडा भुंगा वाळक्या बांबूत किंवा लाकडात भोक पाडून घर करतो, आणि तोच सकाळी शेवग्याच्या नि तुरीच्या फुलांवर गुंगुं करत फिरतो.

तेव्हा पहिलं सांगणं हे: आवारातला एक कोपरा नागपंचमीचा ठेवा. दहा बाय दहा फूट मिळाले तर उत्तम, गच्चीवरच्या दोन कुंड्या एवढंच असेल तर तेवढं. तिथे झाडलोट नाही, खुरपणी नाही, फवारणी नाही. पाचोळा तसाच राहू द्या, छाटणीच्या चार फांद्या तिथेच रचा, हातभर जमीन उघडी ठेवा. उघडी जमीन हवीच, कारण पोळं न बांधता एकेकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बऱ्याच जणी मातीत बीळ करून अंडी घालतात. आपण मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. झाडाच्या बुंध्याला टेकेपर्यंत बसवले. त्यामुळे चिमणीला धुळीत लोळायलाही जागा उरली नाही. मृगाचा किडा, तो लाल मखमली, ज्याला आम्ही काडेपेटीत ठेवायचो, तो माझ्या नातवाने अजून पाहिलेला नाही. (मोजायला गेलं तर त्याला आठ पाय असतात, म्हणजे शास्त्राच्या हिशेबात तो किडा नव्हेच, कोळ्यांच्या गोतावळ्यातला. पण मृग नक्षत्राचा मान त्याचा.) तो वर्षातला बराच काळ मातीत दडून असतो. पहिल्या पावसाला वर यायचं तर वर माती पाहिजे, सिमेंट नको.

कोपऱ्याचा विषय काढला की सभेत पहिला प्रश्न सापाचा येतो. रास्त आहे. साप पाचोळ्यात दडतो, पण येतो तो बहुधा उंदरासाठी, आणि उंदीर खरकट्यासाठी येतो. कचराकुंडीचं झाकण लावा, कोपरा जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब ठेवा, त्यात हात घालताना काठीने आधी चाळवा. एवढी काळजी घ्याच.

आता लिंबाच्या झाडाकडे येते, कारण बहुतेक घरांत निसर्गाशी खरी गाठ तिथेच पडते. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडं दिसतं. त्यातून निघणारी अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि पांढरा डाग असलेली. शीट कोण खाणार, म्हणून ती वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलांना हे दाखवा, टीव्हीची गरज पडणार नाही. मग एक दिवस ती फांदीला कमरेशी धागा बांधून कोष करते आणि पुढे त्यातून काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू निघतं. या सगळ्यात तुमची पाच-पंचवीस पानं जातात. जमिनीत वाढलेल्या झाडाला त्याचं काही वाटत नाही. नवीन फूट येते. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर मात्र ते बोडकं होईल, हे खरं आहे. तिथे दोन अळ्या ठेवा आणि बाकीच्या उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडा. बेलावरही ही अळी वाढते.

फुलपाखराला फूल कुठलंही चालतं, अळीला पान ठरावीकच लागतं. हे एक वाक्य बागकाम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आपण नर्सरीतून आणतो ती रंगीबेरंगी विदेशी झाडं फार तर खानावळ असतात, पाळणाघर नव्हे. पाळणाघराची झाडं गावठी असतात आणि बहुधा फुकट मिळतात. कढीपत्त्यावर मॉरमॉन नावाच्या काळ्या फुलपाखराची अळी वाढते. मारुतीला जिची माळ घालतो त्या रुईवर टायगर कुळातल्या तांबूस फुलपाखराची. रुईचा चीक विषारी, ते विष अळी अंगात साठवते आणि पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे ही अळी चिमणीच्या उपयोगाची नाही, तरी रुई राहू द्या. एरंड, टाकळा, बहावा, सीताफळ, पानफुटी, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. पानफुटीची अळी तर पानाच्या जाडीच्या आत शिरून आतल्या आत गर खात जाते, बाहेरून पान नुसतं फिकं पडलेलं दिसतं. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर पसरून बसलेली हिरवी, झालरीची अळी समोर असूनही दिसत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी, राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केली. तिची अळीही लिंबाच्या आणि रानातल्या माकडलिंबाच्या कुळावर पोसली जाते. राज्याचा मान द्यायचा आणि लिंबावर विषाचा फवारा मारायचा, हे काही बरं दिसत नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळा इथे राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या घरच्या शेतजमिनीवर अळ्यांना लागणारी अशीच झाडं लावून फुलपाखरांची बाग केली. फुलपाखरं कुठून आणून सोडावी लागली नाहीत, पानं मिळाली तशी ती आली.

हे एवढं का करायचं, किडे तर पुष्कळ आहेत की, असं मला एका निवृत्त इंजिनीअर शेजाऱ्यांनी विचारलं. त्यांना मी जर्मनीची गोष्ट सांगितली. क्रेफेल्ड गावातल्या कीटक-अभ्यासकांच्या मंडळाने, त्यातले बरेचसे हौशी, संरक्षित राखीव भागांत ६३ ठिकाणी तंबूसारखे सापळे लावले. १९८९ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे २७ वर्षं, सापडलेल्या उडत्या किड्यांचं वजन केलं. २०१७ मध्ये आकडे छापून आले. वजन पाऊण हिश्शाहून अधिक घटलं होतं. शहरात नव्हे, राखीव माळरानांत आणि कुरणांत. राखीव भागाला कुंपण घातलं तरी भोवतालच्या शेतांतली औषधं आणि बदललेला परिसर त्याला सोडत नाही, असा अंदाज तेव्हा अनेकांनी बांधला. शेजारी म्हणाले, तो जर्मनी झाला. मी म्हटलं, काका, तुम्ही पूर्वी स्कूटरवरून रात्री सासवडला जायचात, तेव्हा तोंडाला रुमाल का बांधायचात? ते हसले. किडे तोंडात जायचे म्हणून. आता बांधता? आता बांधतात ते धुरासाठी.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, त्यामुळे काजव्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे. सांभाळून घ्या.

मे संपत आला, वळवाचे दोन दणके बसले की भंडारदऱ्याच्या आसपास, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या रानात, झाडं पेटायची. आई म्हणायची, हिरड्याला आज दिवाळी आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, एकेका झाडावर हजारोंनी काजवे, आणि अर्धं झाड एकदम उजळून एकदम विझायचं. आम्हाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. आता त्याला काजवा महोत्सव म्हणतात आणि शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग लागते. गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात, राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या बाया हुशार झाल्या, हे चांगलंच झालं. पण जे बघायला लोक येतात तेच गाडीच्या दिव्यांनी पुसलं जातं.

काजव्याचा उजेड ही शोभा नाही, ते लग्नाचं बोलणं आहे. नर उडत उडत ठरावीक तालात लुकलुकतो, मादी बहुधा खाली, गवतावर किंवा झुडपावर बसून उत्तर देते. त्या दोघांमध्ये तुमचा हेडलाइट आला की बोलणं तुटतं. आणि हाताशी वेळ थोडा असतो. काजव्याचं पंखवालं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधी कित्येक महिने तो अळी होऊन ओल्या मातीत, पाचोळ्यात राहतो आणि गोगलगायी खातो. म्हणजे पाचोळा पेटवला की काजवा गेला, रानात रस्ता रुंद केला की गेला, मादी बसली आहे त्या गवतातून सेल्फीसाठी पाच माणसं चालली की पुढच्या वर्षीचे काजवे गेले.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, पण शनिवार टाळा. गावातलाच वाटाड्या घ्या. गाडी लांब लावा आणि दिवे पूर्ण बंद करा, डोकावणारे पार्किंगचे दिवेसुद्धा. टॉर्च लागलीच तर काचेवर लाल कागद बांधा आणि उजेड पायाशी ठेवा. पायवाट सोडू नका. मग पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपल्या लोकांना गप्प राहायलाही. फोन खिशात असू द्या. मोबाइलमध्ये काजवे येत नाहीत, येतो तो काळा चौकोन. आणि पोरांनी बाटलीत धरू नयेत. आम्ही धरायचो, सकाळी बाटलीच्या तळाशी चार वाळके भुंगेरे उरायचे.

काजव्यांचं जे, तेच तुमच्या गॅलरीतल्या दिव्याचं. किडे उजेडाच्या ओढीने येतात असं आपण समजत होतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांतून वेगळंच दिसलं: उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवायला बघतात. लाखो वर्षं रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ होतं, म्हणून उजेडाची बाजू ती वरची बाजू, एवढं त्यांना ठाऊक. दिवा बाजूला आला की त्यांची वर-खालीची जाण चुकते आणि ते त्याच्याभोवती गरगरत राहतात. पहाटेपर्यंत गरगरतात आणि खाली पडतात. सकाळी झाडूवाल्या मावशी ते सुपलीत भरून टाकतात.

सोसायटीच्या गच्चीवरचे पांढरे फ्लडलाइट कुणासाठी जळतात, हे एकदा विचारा. आमच्याकडे कुणालाच उत्तर देता आलं नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब, वर झाकण, उजेड फक्त खाली, जिन्यात आणि पार्किंगमध्ये माणूस आला की लागणारे सेन्सर, एवढ्याने बराच फरक पडतो. दिवाळीच्या माळा दिवाळीपुरत्या ठेवा. आता त्या गणपतीला चढतात आणि होळीला उतरतात.

यानंतरचा विषय जरा अवघड, कारण त्यात भीती खरी आहे. आग्या मोहोळ. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या सज्जाखाली हातभर लांबीचं काळं अर्धवर्तुळ लोंबू लागलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर धावपळ होते आणि दुसऱ्या रात्री कोणीतरी येऊन ते जाळतं किंवा औषधाने मारतं. सकाळी खाली हजारो माश्यांचा खच पडलेला असतो. आमच्याकडेही पडला होता. मी झाडायला लावला.

आग्या माशी पेटीत पाळता येत नाही, ती उघड्यावर एकच पोळं बांधते. पेटीत राहते ती सातेरी, जिच्यावर महाबळेश्वरच्या मधपाळांचं पोट चालतं आणि जिच्यामुळे तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. आग्या हंगामी पाहुणी आहे. फुलोरा असतो तितके महिने राहते, मग अख्खं मोहोळ उठून दुसरीकडे जातं, पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच इमारतीवर, त्याच झाडावर परत येतं. तेव्हा उंचावर असेल आणि कुणाच्या हाताला लागत नसेल तर त्याला काही महिने जगू द्या. त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा. रात्री त्या खोलीचा दिवा मालवा किंवा जाड पडदा ओढा, कारण या माश्या उजेडावर येतात आणि मग घरात शिरल्या म्हणून ओरड होते. खाली धूर करू नका, दगड मारू नका, पोळ्याच्या रेषेत पतंग उडवू नका. ती उगाच उठत नाही. तिला उठवतो आपण, किंवा पोळ्यावर झडप घालणारा मधुबाज. मोहोळ जाऊन रिकामं पोळं उरलं की ते खुशाल काढून टाका.

माश्या उठल्याच तर हात हलवत उभं राहू नका. चेहरा झाका, पळा, बंद खोलीत शिरा. अंगात राहिलेले काटे नखाने लगेच खरवडून काढा, कारण काट्याबरोबर विषाची पिशवी राहते आणि ती काम करत असते. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली किंवा पुष्कळ डंख बसले असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पोळं शाळेच्या दारात किंवा लिफ्टच्या तोंडाशी असेल तर ते हलवावंच लागेल. माश्या न मारता हलवणारी जाणकार माणसं असतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. चौकशीची सुरुवात तिथून करा, पेस्ट कंट्रोलवाल्यापासून नको.

आणि डास? डासांबद्दल मला अजिबात माया नाही. डेंगीने माझ्या भाच्याला नऊ दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. पण धूर मारणाऱ्या गाडीवर विसंबणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. धुराने त्या घटकेला उडत असलेले डास मरतात, त्यांच्यासोबत चतुर, पाकोळ्या आणि माश्याही जातात. पाण्यातल्या डासांच्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्यात नवी फौज तयार. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो: फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, उघडी टाकी. आठवड्यातून एक दिवस हे सगळं पालथं घालून कोरडं करा, टाकीला झाकण लावा, हौदात गप्पी मासे सोडा. साथ आली आणि महापालिकेने धूर मारला तर मारू द्या. उरलेलं वर्षभर वर्गणी काढून धूर विकत घेण्यात शहाणपण नाही.

शेती करणाऱ्यांना मी काय सांगणार, माझा भाऊच मला सांगतो. तरी गच्चीवर भाजी लावणाऱ्यांसाठी त्याच्याकडून ऐकलेलं एक सांगते. दुधी, दोडका, कारलं, कलिंगड यांना नराचं फूल वेगळं आणि मादीचं वेगळं. माशीने एकाचे परागकण दुसऱ्याला पोचवले नाहीत तर बोटभर झालेलं दुधीचं बाळ पिवळं पडून गळतं. लोक समजतात रोग आला, आणि औषध मारतात. उरलीसुरली माशी त्याने मरते. भाऊ कांद्याचे डेंगळे लावतो, बियाण्यासाठी. त्या फुलांवर माशी फिरली तरच गोंड्यात बी भरतं, म्हणून फुलोऱ्यात तो पंपाला हात लावत नाही. त्याआधी फवारणी टळत नसेल तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर करतो. बांधावर तणनाशक मारत नाही. सकाळच्या वेळी, फुललेल्या पिकावर फवारणी करणं एवढं जरी सगळ्यांनी सोडलं तरी पुष्कळ झालं. युरोपीय संघाने मधमाश्यांच्या काळजीने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंद केली. आपल्याकडे त्यांच्या बाटल्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळतात. आणि माशीचं सोडा, २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. पंप पाठीवर घेणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि बागेपुरते मालक आपणही असतो. मी ज्याला चहा द्यायचे त्या माणसाच्या पायात चपला होत्या.

सोसायटीच्या सभेत हा विषय मांडायचा असेल तर अनुभवाचे दोन शब्द. जैवविविधता हा शब्द काढू नका, लोक फोन बघायला लागतात. खर्च काढा. बागेची फवारणी वर्षातून चार वेळाऐवजी गरज दिसेल तेव्हा आणि तेवढ्याच झाडावर, पाचोळा उचलायच्या ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी, गच्चीचे दिवे अकराला बंद. आमच्या खजिनदारांनी जागच्या जागी कॅल्क्युलेटर काढला आणि ठराव मंजूर झाला. कोपऱ्याला मात्र विरोध झाला, दोन सभा गेल्या. शेवटी कुंपणालगतची एक पट्टी मिळाली, तिथे "हे मुद्दाम ठेवलं आहे" अशी पाटी लावावी लागली. ती पाटी लावा, नाहीतर नवा माळी उत्साहाने सगळं साफ करतो. मुलांना एक वही द्या आणि त्या पट्टीत काय काय दिसलं ते तारीखवार लिहायला सांगा. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरांचा महिना साजरा होतो, २०२० पासून. तेव्हा त्या नोंदी पुढे पाठवता येतात.

आमच्या वहीत पहिल्या पावसाळ्यात एका पानावर "काय नाय" एवढंच लिहिलेलं आहे. दुसऱ्या वर्षी टाकळ्यावर पिवळ्या पाकोळ्या, ओल्या काटक्यांखाली गोगलगायी, आणि एका मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं "चिमणी आळी घेऊन गेली, जिन्यावरच्या घरट्यात". मी जाऊन पाहिलं. घरट्यातून तीन चोची दिसत होत्या.

माझ्या कुंडीतल्या लिंबाला यंदा चारच लिंबं लागली. लोणच्याची मंडईतून आणली.